माझ्या काळजावरची खडूची खूण

मित्रांनो, दचकू नका. काल दुपारी तुमच्या शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत ज्याला पाहून दोघी किंचाळल्या आणि एकाने ज्याच्या नाकात पेन्सिल घालून पाहिली, तो मीच. मी माणसाच्या शरीराचा एक जुना नमुना आहे. मला डोके आहे, धड आहे. हात आणि पाय नाहीत, कारण ज्यांनी मला बनवले त्यांना फक्त आतल्या गोष्टी दाखवायच्या होत्या. माझी छाती कपाटाच्या दारासारखी निघते. आत फुप्फुसे, हृदय, यकृत, जठर, आतडी असे सगळे आकड्यांना अडकवून ठेवलेले असते. तुमच्या पोटातले फार तर ओठावर येते. माझे थेट टेबलावर येत असे, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे कागदाचा लगदा, सरस आणि पांढरी माती कालवून साच्यात भरत. साच्यातून निघालो तेव्हा मी पिठासारखा पांढरा होतो. मग मला रंगकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंपुढे ठेवण्यात आले. बारीक कुंचल्याने त्यांनी माझ्या निळ्या आणि लाल रक्तवाहिन्या काढल्या. त्यांची सारी उमर बाहुल्या रंगवण्यात गेली होती, त्यामुळे माझे ओठ रंगवताना त्यांनी कडा सवयीने जरा वर नेल्या. मालकाने ते पाहून कपाळावर हात मारला.

"अहो, हा कॉलेजात जायचा आहे. हसतोय काय?"

"असू दे हो," त्या म्हणाल्या. "पोट उघडं टाकून लोकांपुढे उभं राहायचंय बिचाऱ्याला. हसू तरी असू दे."

तेव्हापासून मी हसतोच आहे. पुढे काही दिवस असे आले की ते हसू पुसून टाकावे असे मला फार वाटले. पण रंग पक्का होता आणि मला हात नव्हते.

मी ज्या कॉलेजात गेलो त्याचे आवार अगदी आटोपशीर होते. दोन इमारती, सायकलींची शेड आणि एक फाटक. तिथे मोठमोठे विज्ञान शिकवत नसत. होते ते ओळखीचे वर्ग. जीवशास्त्राची ओळख, रसायनशास्त्राची ओळख आणि पृथ्वी व आकाशाची ओळख. तिन्ही वर्ग तळमजल्यावरच्या एकाच खोलीत वार वाटून भरत. हिशेब शिकणारे, भाषा शिकणारे, पुढे काय शिकायचे ते अजून न ठरलेले, असे सगळे तिथे येत. कुणाला पुढे नर्स व्हायचे असे, तर कुणाला नुसता रिकामा तास भरायचा असे. रसायनाच्या दिवशी माझ्या नाकाला झिणझिण्या येत. आकाशाच्या दिवशी छताला ग्रहांचे गोळे टांगत. एकदा शनीची दोरी तुटून तो माझ्या कानावर आपटला. तो टवका अजून आहे, बघा हवे तर.

माझा वर्ग जीवशास्त्राचा. तो घेणाऱ्या बाई बारीक चणीच्या होत्या, आवाज मात्र खणखणीत. त्या कधी नुसते फळ्यावर चित्र काढून थांबल्या नाहीत. माझी छाती उघडून एकेक अवयव त्या मुलांच्या हातात देत आणि म्हणत, "आता जिथून काढला तिथे परत लावा." मुले माझ्यासमोर येत आणि हमखास चुकत. हृदय डावीकडे असते हे सगळ्यांना पाठ. पण समोर उभे राहिले की त्यांची डावी बाजू ती माझी उजवी. मग ते हृदय भलत्या बाजूला कोंबत, फुप्फुस बाहेर यायचे आणि छातीचे दार लागायचे नाही.

"समोरून नाही समजायचं," बाई म्हणत. "त्याच्या शेजारी उभे राहा. त्याचं तोंड जिकडे, तिकडे तुमचं. आता तुमचा डावा हात कुठला?"

मग हृदय आकडीत टक्कन बसे. तो आवाज मला फार आवडायचा. मुले मला मामा म्हणत. परीक्षेआधी येऊन "मामा, सांभाळ रे" म्हणत माझ्या डोक्यावर टपली मारत. पास झाल्यावर सांगायला मात्र कुणी येत नसे. भाचरे म्हटली की असेच चालायचे.

एके वर्षी वर्गात एक मुलगी आली. तिला सगळे टाचणी म्हणत, कारण तिच्या कॉलरला नेहमी एखादी टाचणी टोचलेली असे. तिचे वडील शिंपी होते आणि कॉलेजला येण्याआधी ती दुकानात काजे-बटणे करून येई. शिकत होती हिशेब. जीवशास्त्राचा तास तिने घेतला तो केवळ त्या वेळी मोकळी असायची म्हणून. मागच्या बाकावर बसून ती बहुधा जांभया आवरत असे.

हृदयाचा धडा आला त्या दिवशी ती पुढे येऊन बसली. माझे हृदय दोन फाकांत उघडते आणि आत चार कप्पे दिसतात. ते तिच्या हातात आले आणि तिने पुढच्याला दिलेच नाही. तास संपला, मुले गेली, तरी ती तशीच उभी.

"बाई, वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल तर?"

"कुणाच्या?"

"आईच्या."

मग ते सगळे बाहेर आले. भोक जन्मापासूनचे होते, कळले होते आत्ता. दोन पायऱ्या चढल्या तरी आईला धाप लागे, संध्याकाळी पाय सुजत. डॉक्टरांनी सांगितले होते की ऑपरेशन करून ठिगळ लावू, उशीर झाला आहे, धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे. आई नाही म्हणून बसली होती. छाती उघडणार एवढेच तिने ऐकले होते आणि त्यापुढचे कानच बंद केले होते.

"डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं, पण तो बटाटाच वाटत होता बाई. हे एक दिवस घरी नेऊ? सोमवारी आणते."

खोलीतली वस्तू बाहेर जायची नाही असा तिथला नियम होता आणि तो बाईंनीच दारावर लावला होता. त्या बराच वेळ हातातला डस्टर झटकत राहिल्या.

"हे बघ, इथे मी फक्त ओळख करून देते. मी डॉक्टर नाही, आणि तूही नाहीस."

"सांगायचं ते डॉक्टरांनी सांगितलंय. आईला फक्त बघायला मिळू दे."

बाईंनी स्वतःच्या हाताने हृदय रुमालात गुंडाळून तिला दिले. मला अभिमान वाटला, मित्रांनो. इतकी वर्षे मी परीक्षेपुरता कामी आलो होतो. आज माझे काळीज कुणाच्या तरी घरी, खऱ्या कामासाठी चालले होते.

पुढे तिच्या घरी काय झाले ते मी पाहिले नाही. ते मला फार नंतर, हृदय परत आल्यावर त्याच्याकडूनच कळले. खरे वाटत नसेल तर ज्याचे काळीज दुसऱ्या गावी राहिले आहे अशा कुणालाही विचारा. तिकडचे त्याला सगळे ठाऊक असते.

पुढे दुकान आणि मागे घर असे ते होते. टाचणीने कापड बेतायच्या टेबलावर हृदय ठेवले आणि आईला स्टुलावर बसवले. आधी ती आईच्या समोर उभी राहून सांगू लागली आणि तिचे डावे-उजवे चुकले. मग ती आईच्या शेजारी जाऊन बसली, आणि हृदय उघडून म्हणाली, "हे तुझे वरचे दोन कप्पे. हा मधला पडदा. भोक इथे."

वडील गळ्यात टेप घालून मागे उभे होते. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, कानामागचा खडू काढला आणि विचारले, "इथे?" त्या पडद्यावर त्यांनी एक लहान गोल काढला. "केवढं असेल?"

"कोटाच्या बटणाएवढं."

"मग ठिगळच लागणार. नुसते टाके मारले तर सगळं ओढलं जाईल."

"डॉक्टरही तेच म्हणाले, बाबा."

"तुम्ही दोघांनी माझ्या काळजाची पँट करून टाकलीत," आई म्हणाली, आणि हसता हसता तिला धाप लागली. धाप बसल्यावर तिने हृदय स्वतःच्या हातात घेतले. त्या गोलावर बोट ठेवून ती बराच वेळ पाहत राहिली.

"एवढंसं भोक. आणि मी इतकी वर्षं समजत होते की मीच आळशी आहे."

मग वडील म्हणाले, "लावून घे. मी इतकी ठिगळं लावली, एक उसवलं नाही."

"बरं," आई म्हणाली. "कुठे हात घालणार ते कळलं ना, आता तेवढी भीती नाही वाटत."

सोमवारी हृदय परत आले नाही, कारण सोमवारी ती सगळी दवाखान्यात होती. बाईंनी माझी छाती बंद ठेवली आणि मुलांना पचनाचा धडा आधी शिकवायला घेतला. ऑपरेशन झाले. ठिगळ नीट बसले. पण इतक्या वर्षांच्या ताणाने तिची फुप्फुसे थकून गेली होती आणि काही दिवसांनी त्यांनी साथ सोडली. टाचणीची आई गेली.

वर्गातल्या एका मुलीने येऊन सांगितले तेव्हा बाईंच्या हातात माझे जठर होते. त्यांनी ते परत लावले, नीट, शेजारी उभे राहून. मग त्या तास अर्ध्यावर सोडून निघून गेल्या. आणि मी मात्र हसत उभा होतो. त्या दिवसाइतके माझे तोंड मला कधी नकोसे झाले नाही.

नंतर बाई दुकानावर गेल्या. दुकानाची फळी अर्धीच उघडी होती. टाचणी शिवणाच्या मशीनवर बसली होती आणि तिने पाय थांबवला नाही. बाई तिच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "तू चुकीचं काही सांगितलं नव्हतंस."

"बरोबर सांगितलं, म्हणूनच तर आई तयार झाली," ती म्हणाली. "चार धडे शिकून मी तिला पाठवलं, बाई. नसते शिकले तर ती आज घरात बसून धापा टाकत असती. टाकू दे की. असती तर खरी."

मशीन चालू राहिले. वरच्या फळीवर रुमालात माझे हृदय होते, ते त्यांना दिसत होते. ते न मागताच त्या परत आल्या.

टाचणीने कॉलेज सोडले. ओळखीच्या वर्गात तिचे नाव पुन्हा कुणी घेतले नाही.

मित्रांनो, त्यानंतर कित्येक वर्षे माझ्या छातीत एक खळगा होता. नवीन मुलांनी मला बिनकाळजाचा मामा असे नाव ठेवले. ती बिचारी काय करणार, त्यांना काही माहीत नव्हते. कॉलेजने दोन-तीनदा विचारले की नवे हृदय मागवायचे का, आणि बाई दर वेळी "बघू या" म्हणून विषय टाळत. हृदयाचा धडा आला की त्या मुलांना माझ्या शेजारी उभे करत आणि सांगत, "मूठ मिटा. तुमचं हृदय साधारण एवढं असतं. आता ती मूठ इथे ठेवा."

कितीतरी मुठी माझ्या छातीत येऊन गेल्या. घामेजलेल्या, गार, शाईने बरबटलेल्या, अंगठी रुतलेल्या. क्षणभर मला भरल्यासारखे वाटे आणि मूठ निघाली की खळगा पहिल्यापेक्षा मोठा भासे. बाई स्वतः कधी मूठ ठेवत नसत. मुले गेल्यावर त्या माझे दार लावत आणि थोडा वेळ त्यावर हात ठेवून उभ्या राहत. त्यांना कुणाचा निरोप यायचा असावा असे मला वाटे. तो येत नव्हता.

हळूहळू वर्ग ओसरू लागला. मुलांना पडद्यावर धडधडणारे रंगीत हृदय दिसू लागले, मग माझ्यासारख्या गप्प बसणाऱ्याला कोण विचारतो. आधी रसायनाचा तास बंद झाला, मग ग्रहांचे गोळे खोक्यात गेले. माझ्यावर एक जुना पडदा टाकण्यात आला. त्याच्या आत मी किती काळ होतो ते मला सांगता येणार नाही. उंदरांनी माझ्या आतड्यांची एक कड कुरतडली, तेव्हा निदान कुणाला तरी माझा उपयोग झाला असे म्हणून मी मनाची समजूत घातली. शेवटी असे ठरले की या आवारातले ओळखीचे वर्ग आता भरवायचे नाहीत. बाईंच्या निवृत्तीचा आणि खोली रिकामी करण्याचा दिवस एकच आला. तुमच्या मुख्याध्यापिकांनी मला मागून घेतले होते, म्हणून मी भंगारात जाण्यापासून वाचलो.

त्या दुपारी बाई माझी धूळ झटकत होत्या. दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांच्या गळ्यात टेप होती, काढायची राहून गेली असावी. हातात कापडाची एक पिशवी होती. आतून कापूस भरलेली, अस्तर लावलेली, वर एका बटणाने बंद केलेली.

"तुमची वस्तू," ते म्हणाले. "वर्ग बंद होतोय असं कळलं. फार उशीर केला."

बाईंनी त्यांना बसायला स्टूल दिले.

"पोरगी कितीदा म्हणाली, देऊन या. माझाच पाय निघेना. आतला खडू पुसला जाईल असं वाटायचं. ही बोट ठेवून बसली होती ना त्यावर." त्यांनी बटण काढून हृदय बाहेर घेतले आणि अगदी हळू उघडले. तो पांढरा गोल फिकट झाला होता, पण होता.

"मी द्यायलाच नको होतं," बाई म्हणाल्या.

"पोरगी म्हणते, तिने समजवायला नको होतं. मला वाटतं, मी ठिगळाचं बोलायला नको होतं. आपण तिघांनी वाटून घेतलंय, पण कुणाचंच कमी होत नाही बघा."

बाई टेबलाच्या कडेला टेकल्या. त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर डोळे पुसले.

"एक सांगायचं राहिलं होतं," ते म्हणाले. "ऑपरेशनला नेताना दारापर्यंत मी बरोबर होतो. तिने छातीवर बोट ठेवून मला दाखवलं. इथे ना, म्हणाली. बरोबर जागा दाखवली. ती भिऊन नाही गेली, बाई. तिला सगळं माहीत होतं. पुढचं आपल्या हातात नव्हतं. पण एवढं तुम्हाला कळायला हवं होतं, आणि मी ते आजवर घरातच ठेवलं."

"मुलीला सांगितलंत?"

"पुष्कळदा. ऐकून घेते आणि मशीन चालू करते. आज फाटकापर्यंत आलीय. आत नाही येणार म्हणाली."

ते उठले आणि हृदय घेऊन माझ्यासमोर आले. सगळ्यांची होते तीच चूक त्यांची झाली. ते भलत्या बाजूला लावू लागले, फुप्फुस बाहेर आले. "बसत नाही," ते म्हणाले. ते इतक्या बारीक आवाजात म्हणाले की मला हात असते तर मी स्वतः लावून घेतले असते.

"समोरून नाही," बाई म्हणाल्या. "असे याच्या शेजारी या. त्याचं तोंड जिकडे, तिकडे तुमचं."

ते माझ्या शेजारी आले. हृदय आकडीत टक्कन बसले. आणि मित्रांनो, त्या घरातले सगळे, ते हसणे, ती धाप, ते बोट, त्या एका क्षणात माझ्या छातीत आले. मला ते अजून पेलत नाही.

बाई खोलीतून बाहेर गेल्या. माझे तोंड खिडकीकडे होते, म्हणून मला फाटक दिसत होते. तिथे एकजण रस्त्याकडे तोंड करून उभी होती. तिच्या कॉलरला टाचणी होती की नाही ते इतक्या लांबून कळत नव्हते. बाई तिच्यासमोर जायला निघाल्या, मग मधेच थांबल्या. वळून त्या तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, तिचे तोंड जिकडे तिकडे आपले करून. दोघी रस्त्याकडे बघत होत्या. म्हातारे शिंपी माझ्याजवळ स्टुलावर बसून रिकाम्या पिशवीची घडी घालत होते, मोडत होते आणि परत घालत होते. फाटकातल्या टाचणीने एकदाही मागे वळून पाहिले नाही. पण ती निघूनही गेली नाही, आणि सावल्या लांब झाल्या तरी त्या दोघी तशाच उभ्या होत्या.

आता मी तुमचा आहे. तुमच्यापैकी कुणी पुढे डॉक्टर होईल, कुणी कोट शिवेल, आणि कुणाला माझी नुसती ओळखच पुरेल. त्याने काही बिघडत नाही. मला ओल्या फडक्याने पुसू नका, मी कागदाचा आहे, कोरड्याने झटका. नाकात पेन्सिल घालणाऱ्याला मी माफ केले आहे, पण परत घालू नये. माझे अवयव काढलेत तर जागच्या जागी लावा, आणि लावताना माझ्या शेजारी उभे राहा. हृदय उघडलेत की वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यावर तुम्हाला कोटाच्या बटणाएवढा एक पांढरा गोल दिसेल. कुणीतरी खोडी केली आहे असे वाटून तुमचा हात फडक्याकडे जाईल. बाकी सगळा मी पुसून लख्ख करा, मित्रांनो. तेवढा गोल राहू द्या.